स्लॅबमधलं नाणं घेताना ग्रेडवर किती विसंबायचं? (१९११ चा रुपया)

कृष्णाकाठ, मिरज

नमस्कार मंडळी. राणीछाप रुपयापासून सहाव्या जॉर्जपर्यंत रुपयांचा क्रम लावतोय. त्यात पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया, म्हणजे आपला पिग रुपया (त्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून), अजून मिळालेला नाही. सध्या दोन नाणी समोर आहेत. एक मुंबईच्या एका विक्रेत्याकडे, साध्या फ्लिपमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात), आणि तो त्याला 'यूएनसी', म्हणजे न वापरलेलं, म्हणतो. दुसरं ऑनलाइन, एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबमध्ये (नाणं तपासून, ग्रेड देऊन कायमची बंद केलेली प्लास्टिकची डबी), लेबलवर एमएस ६२, म्हणजे ७० पैकी ६२ चा ग्रेड. स्लॅबवाल्याची किंमत साध्याच्या तिपटीहून जास्त.

माझा प्रश्न असा की हे वरचे पैसे नेमके कशाचे? खरेपणाच्या खात्रीचे, की त्या ६२ आकड्याचे? आणि स्लॅबच खोटा असेल तर ते कसं ओळखायचं? दोन्ही बाजूंचे फोटो मागवलेत. स्लॅबवाला रविवारपर्यंत थांबतो म्हणाला आहे.

नाणेघाट, जुन्नर

दादा, डोळे झाकून स्लॅबवालं घ्या. १९११ चं वर्ष घातलेल्या खोट्या प्रती इतक्या फिरतात की फ्लिपमधलं नाणं घेणं म्हणजे डोक्याला ताप. स्लॅबमध्ये चूक निघाली तर एनजीसीची हमी असते, पीसीजीएस या दुसऱ्या मोठ्या कंपनीचीही असते. तिप्पट किंमत त्या निश्चिंतीची.

पेठेतला गडी, पुणे

डोळे झाकून का? नाणं डोळ्यांनीच बघायचं असतं. जुन्या बाजारात वर्षानुवर्षं नाणी चाळून जी नजर बसते ती प्लास्टिकच्या डबीत मिळत नाही. एमएस ६२ म्हणजे दूर कुठेतरी बसलेल्या दोन-तीन माणसांचं मत. एकाच ग्रेडचे दोन स्लॅब शेजारी ठेवून बघा, एक नाणं डोळ्यांत भरतं आणि दुसरं घ्यावंसंही वाटत नाही. तेवढ्या पैशांत मी साधी तीन नाणी घेईन आणि त्यातलं उत्तम ठेवीन.

टांकसाळ, मुंबई

कृष्णाकाठ, प्रश्न चांगला विचारलात म्हणून सविस्तर लिहितो.

स्लॅबवरचं लेबल एका दमात तीन विधानं करतं. नाणं खरं आहे. ते अमुक प्रकारचं आणि अमुक टांकसाळीचं आहे. आणि त्याची अवस्था एमएस ६२ आहे. तिन्ही एकाच कागदावर छापलेली असल्यामुळे आपण तिन्हींवर सारखाच विश्वास टाकतो, आणि फसगत तिथेच होते. माझा विश्वास पहिल्यावर सर्वांत जास्त, दुसऱ्यावर त्याहून कमी आणि तिसऱ्यावर सर्वांत कमी.

पहिलं विधान: ब्रिटिश भारताची यंत्रावर पाडलेली नाणी या दोन्ही मोठ्या कंपन्यांसमोर भरपूर येतात. ओतीव नकल, वजनात कमी भरणारी नकल, वर्ष बदललेलं नाणं, हे त्यांच्या हातून सुटण्याची शक्यता कमी. सुटतं कधी कधी, पण खरेपणाच्या बाबतीत मी त्यांच्या मताला माझ्या मतापेक्षा जास्त वजन देतो.

दुसरं विधान: इथे लेबल चुकतात. १९११ चा रुपया कलकत्त्याचाही आहे आणि मुंबईचाही. मुंबईच्या नाण्याची खूण म्हणजे उलट बाजूला तळाच्या कमळाखालचा बारीक उठावदार ठिपका. एनजीसीच्या लेबलवर वर्षाच्या पुढे टांकसाळीचं अक्षर कंसात छापतात. ते अक्षर आणि नाण्यावरचा ठिपका यांचा मेळ स्वतः घालून बघा. प्रूफ (चलनासाठी नव्हे, मुद्दाम चकचकीत पाडलेलं खास नाणं) आणि रिस्ट्राइकचा गोंधळ आणखी वाईट. आपल्या टांकसाळींनी जुन्या साच्यांवरून संग्राहकांसाठी नाणी पुन्हा पाडून दिली होती. अस्सल प्रूफ आणि नंतरचा रिस्ट्राइक यांच्या किमतीत मोठी दरी असते. रोज अमेरिकेचे मॉर्गन डॉलर तपासणाऱ्या माणसाकडून या बारकाव्याची पूर्ण अपेक्षा धरू नये. लेबलवर नुसतं 'प्रूफ' असेल तर तेवढ्यावर पैसे टाकू नका.

तिसरं विधान म्हणजे आकडा. एमएस ६० च्या पुढे नाण्यावर झीज नाही एवढंच नक्की. ६१, ६२, ६३ हे फरक खरचटे, झळाळी आणि ठशाची उठावदारी यांवर ठरतात. तेच नाणं दुसऱ्यांदा पाठवलं तर ६१ येऊ शकतं, ६३ ही येऊ शकतं. आणि ६२ ते ६३ या एका पायरीवर किंमत उडी मारत असेल तर लोक स्लॅब फोडून नाणं पुन्हा पाठवतात, वरचा आकडा येईपर्यंत. यातून आणखी एक घोटाळा होतो: फोडलेल्या स्लॅबचं लेबल कंपनीला परत केलं नाही, तर तेच एक नाणं कंपनीच्या गणनेत दोन-तीनदा मोजलं जातं. "या ग्रेडमध्ये जगात इतकीच नाणी" अशी जाहिरात दिसली की हे आठवा. ती यादी म्हणजे आलेल्या नाण्यांची नोंद. आपल्याकडची बहुसंख्य नाणी डब्यांत आणि देव्हाऱ्यांत पडून आहेत, ती कधी कुठे गेलेलीच नाहीत. त्यामुळे भारतीय नाण्यांच्या बाबतीत "जगात फक्त चार" याला फारसा अर्थ नाही.

१९११ च्या रुपयात अवस्था बघायची तर बादशहाच्या झग्यावरची साखळी भिंगाखाली घ्या. तिच्यातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून नवा साचा आला. सुमारे ९४ लाख नाणी पाडली गेली होती, त्यांतली ७ लाखांच्या आसपास बाहेर पडली आणि बाकीची वितळवली. पण या नाण्यात ठसा कमी उठलेला असणं आणि झीज झालेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी उठलेल्या भागावरही झळाळी टिकलेली असते. झिजलेल्या भागावर ती मेलेली असते. फोटोत हे कळत नाही, नाणं दिव्याखाली फिरवावं लागतं.

आणि या तिन्हींच्या आधीचं एक विधान असतं, ते कंपनी करूच शकत नाही: ही डबी कंपनीचीच आहे. ते तपासायचं काम तुमचं.

कृष्णाकाठ, मिरज

टांकसाळ साहेब, मनापासून आभार. शेवटचा मुद्दा जरा उलगडून सांगाल का? डबी तपासायची म्हणजे नेमकं काय करायचं? लेबलवरचा क्रमांक वेबसाइटवर टाकून पाहिला. तेच नाणं, तेच वर्ष, तोच ग्रेड येतो.

टांकसाळ, मुंबई

क्रमांक जुळला म्हणून डबी खरी ठरत नाही. खोटे स्लॅब करणारे मनाने क्रमांक टाकत नाहीत. ते एखाद्या खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलतात, तेच वर्ष, तोच ग्रेड छापतात आणि आत नकली नाणं ठेवतात. वेबसाइट बिचारी खऱ्या नाण्याची माहिती देते. चीनमधून असे स्लॅब येऊ लागल्यावर २००८ च्या सुमारास दोन्ही कंपन्यांनी जाहीर इशारे दिले होते.

म्हणून क्रमांक टाकल्यावर खाली फोटो येतो का ते बघा. एनजीसीच्या तपासणी पानावर बऱ्याच नाण्यांचे फोटो असतात. पीसीजीएसच्या सगळ्या नाण्यांचे नसतात, पण २०२० पासून त्यांच्या डब्यांत मोबाइलने वाचता येणारी चिप यायला लागली आहे. फोटो असेल तर तो आणि विक्रेत्याचा फोटो शेजारी ठेवा आणि आकडे-अक्षरं सोडून फक्त डाग आणि खरचटे जुळवा. गालावरची रेघ, अक्षराला चिकटलेला काळा ठिपका, कडेच्या दातऱ्यावरची ठेच, चढलेल्या रंगाची सीमारेषा. दोन नाण्यांच्या अशा खुणा कधीच सारख्या नसतात. तीन-चार खुणा जुळल्या की काम झालं.

सराफकट्टा, कोल्हापूर

आमच्या घराण्याचा धंदाच सराफीचा, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो.

स्लॅबमधलं नाणं तुम्ही तोलू शकत नाही, वाजवू शकत नाही, बऱ्याच डब्यांत कडही नीट दिसत नाही. म्हणजे सराफाच्या हातातली सगळी हत्यारं काढून घेतली जातात. खोट्या स्लॅबवाल्याला नेमकं हेच हवं असतं. फ्लिपमधलं नाणं मात्र तुम्ही टेबलावर ठेवून स्वतः तपासू शकता, आणि रुपया तपासायला सोपा आहे.

रुपयाचं वजन एक तोळा, ११.६६ ग्रॅम. चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबं. फिरलेल्या नाण्यात वजन थोडं कमी भरणार, पण 'यूएनसी' म्हणवणारं नाणं ११.६ च्या खाली गेलं तर मी ते खाली ठेवतो. मग पाण्याची कसोटी. शतांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा, तळाला आणि भिंतीला लागू देऊ नका. अस्सल रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. म्हणजे घनता १०.३ च्या जवळ. पितळ किंवा निकेलच्या मिश्रणावर चांदीचा मुलामा असेल तर आकडा १.३ च्या पुढे जातो. नाण्यावरचे बुडबुडे आधी झटकून टाका, नाहीतर आकडा उगाच वाढतो. नंतर मऊ सुती कापडावर ठेवून नुसतं टिपा. घासू नका.

एक खबरदारी. चांगल्या चांदीत, योग्य वजनाची नकल पाडली असेल तर ही कसोटी ती पकडणार नाही. तिथे साच्याचे बारकावे बघणारी नजरच लागते.

आणि आपल्याकडच्या रुपयांची मोठी अडचण खोटेपणापेक्षा घासलेपणाची आहे. लक्ष्मीपूजनाला बाहेर काढून चिंच नाहीतर राख लावून लख्ख केलेले रुपये घरोघरी आहेत. कित्येकांना कडी जोडून गळ्यातल्या माळेत ओवलं होतं, नंतर कडी काढून कड तासली. काहींवर जुन्या सराफांनी परीक्षेची खूण ठोकलेली असते. चांदी म्हणून सगळे अस्सल. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र यांतलं प्रत्येक नाणं खालच्या भावाचं. मोठ्या कंपन्या अशा नाण्याला आकडा देत नाहीत, लेबलवर 'डिटेल्स' लिहून कारण देतात: क्लीन्ड (घासलेलं), माउंट रिमूव्हड (कडी काढलेलं) वगैरे. पीसीजीएसच्या यादीत क्लीन्डसाठी ९२ हा संकेतांक आहे. नवखा माणूस ते ९२ म्हणजे ग्रेड समजून बसेल. ग्रेड ७० च्या वर जातच नाही हे नव्यांनी लक्षात ठेवा.

माझ्या मते स्लॅबचा सर्वांत मोठा फायदा हाच. घासलेलं आणि न घासलेलं यांतला फरक सांगणारा, विक्रेत्याशी देणंघेणं नसलेला माणूस मिळतो.

पेठेतला गडी, पुणे

सराफकट्टा, पाण्याची कसोटी उत्तम सांगितलीत. पण "देणंघेणं नसलेला माणूस" हे मला पटत नाही. नाणं तपासण्याचे पैसे कोण देतो? नाणं पाठवणारा. आणि घाऊक नाणी कोण पाठवतो? विक्रेते. कंपनी फार कडक झाली तर विक्रेते दुसरीकडे जातील. मग आकडा वर सरकण्याचा दाब कायमचाच नाही का?

अपर्णा, एडिसन (न्यू जर्सी)

पेठेतले दादा, हा प्रश्न इथे अमेरिकेत पहिल्या दिवसापासून विचारला गेला आहे. थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय हा आकडा काय चीज आहे ते कळत नाही.

१ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, ती अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. कल्पना किमतीची होती: सर्वांत वाईट नाण्याची जी किंमत, तिच्या सत्तर पट सर्वांत उत्तम नाण्याची. बाजार पुढे गेला, ते गणित मोडलं, पण आकडे राहिले आणि जगभरच्या सगळ्या नाण्यांना लावले गेले. आपल्या रुपयालाही तेच आकडे.

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये एएनएसीएस ही तपासणी संस्था सुरू केली ती फक्त खरेपणा तपासायला. ग्रेड द्यायला सुरुवात १९७९ मध्ये, तेही फोटो असलेल्या कागदी दाखल्यावर, आणि नाण्याच्या दोन बाजूंना वेगवेगळा ग्रेड. नाणं डबीत बंद करून विकण्याची लाट पीसीजीएसने १९८६ मध्ये आणली, एनजीसी १९८७ मध्ये आली. लगेच गुंतवणूकदार आले, नाणं न बघता आकड्यावर खरेदी होऊ लागली. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींतल्या दाव्यांवर कारवाई केली. दावे फुगवलेले आहेत असा आरोप होता. कंपनीने चूक कबूल न करता तडजोड केली आणि जाहिरातींवर देखरेख मान्य केली. म्हणजे ग्रेडिंग हे शास्त्रीय मोजमाप असल्यासारखं विकणं तेव्हाच अडचणीत आलं होतं.

आता दबावाबद्दल. दबाव आहेच. त्याला उतारा म्हणून कंपन्यांनी दोन गोष्टी केल्या. एका नाण्यावर एकाहून जास्त ग्रेडरांचं मत घेतात आणि नाणं कोणाचं आहे ते त्यांना सांगत नाहीत. शिवाय चुकीच्या ग्रेडची भरपाई कंपनीच्या खिशातून जाते. यामुळे आकडा हवा तसा वाढत नाही. तरी हळूहळू सैलावतो, आणि इथले जुने संग्राहक सुरुवातीच्या काळातल्या डब्यांना जास्त पैसे देतात ते यासाठीच. सैलावलेले आकडे चाळायला २००७ मध्ये सीएसी नावाची संस्था निघाली. स्लॅबमधलं नाणं पुन्हा बघून, ते त्या ग्रेडला भक्कम असेल तर डबीवर हिरवा शिक्का चिकटवते. ती जॉन अल्बानीज यांनी काढली, आणि एनजीसीच्या स्थापनेतही तेच होते. कंपनी उभी करणाऱ्यालाच दुसरी चाळणी आवश्यक वाटली, याची मला फार किंमत वाटते.

पण सीएसीचा हा शिक्का फक्त अमेरिकन नाण्यांना मिळतो. आपल्या रुपयाला अशी दुसरी चाळणी नाही. ती चाळणी तुम्हीच.

विधिज्ञ, नागपूर

इथे हमीचा उल्लेख बऱ्याचदा झाला, म्हणून कायद्याचं सांगणं भाग आहे.

पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं. व्याख्येत 'नाणं' हा शब्द स्पष्ट आहे. कलम ३ प्रमाणे केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कोणालाही पुरावशेष देशाबाहेर पाठवता येत नाही. कलम २५ मध्ये शिक्षा आहे: किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. पाचव्या जॉर्जचे रुपये १९२२ पर्यंतचे, म्हणजे ते सगळे आता या व्याख्येत आले. ग्रेडिंगसाठी कुरियरने परदेशात पाठवणं हीसुद्धा निर्यातच. "परत येणार आहे" म्हणून सूट मिळते असं गृहीत धरू नका. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला लेखी विचारा.

याचा हमीशी थेट संबंध आहे. हमी वापरायची म्हणजे नाणं कंपनीकडे तपासणीला द्यावं लागतं. कंपन्या अमेरिकेत. तुमचं नाणं १९११ चं. मिरजेतून ते फ्लोरिडाला, एनजीसीच्या कचेरीत, कायदेशीर मार्गाने कसं जाणार? एडिसनमध्ये राहणाऱ्या अपर्णाताईंना हमी जशी वापरता येते तशी ती तुम्हाला वापरता येत नाही. किमतीत हमीचे पैसे धरले असतील तर ते तुम्ही मोजू नका.

नाणेघाट, जुन्नर

हे माहीत नव्हतं. मग बाजारात राणीछाप रुपयांचे इतके स्लॅब आले कुठून?

विधिज्ञ, नागपूर

बरीचशी नाणी इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर जुन्या काळीच बाहेर गेली. लंडनच्या लिलावांत ती वर्षानुवर्षं येत आहेत. तिथे स्लॅब होऊन परत भारतात आली तर ती गोष्ट वेगळी. म्हणून विक्रेत्याकडे बिल मागा आणि नाणं कुठून आलं ते लेखी मागा. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो, तोही विचारा. प्रामाणिक विक्रेत्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

शिवराई शोध, सातारा

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. शिवराईचे स्लॅब दिसायला लागलेत, लेबलवर एक्सएफ ४५ (थोडं झिजलेलं) वगैरे. त्याला काही अर्थ आहे का?

टांकसाळ, मुंबई

माझ्या मते फार थोडा. शिवराई हाताने ठोकलेली. तांब्याचा तुकडा साच्यापेक्षा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' यातलं एखादं अक्षर बाहेर जाणं, 'छत्रपति' अर्धंच उमटणं हे नेहमीचं. झीज शून्य पण मजकूर अर्धा, अशी शिवराई आणि झिजलेली पण पूर्ण वाचता येणारी शिवराई, यांतली कोणती चांगली हे एका आकड्यात सांगता येत नाही. आपण दुसरी घेऊ. शिवाय हे नाणं थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत चलनात होतं आणि वेगवेगळ्या ठिकाणी पाडलं गेलं. 'दुदांडी' प्रकारची शिवराई थोरल्या महाराजांच्या काळातली म्हणून विकतात, तेव्हा लेबल मदतीला येत नाही. तिथे अभ्यासकच लागतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथला अभ्यास या कामी येतो.

एनजीसीचा प्राचीन नाण्यांचा विभाग निराळा आहे. तिथे ठसा आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगळे गुण देतात, ही पद्धत हाताने ठोकलेल्या नाण्याला जास्त न्याय देते. पण त्या विभागातल्या नाण्यांच्या खरेपणाची हमी कंपनी बरीच वर्षं घेत नव्हती, फक्त मत देत होती. होनाबद्दल तर बोलायलाच नको. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन इतका दुर्मीळ की स्वस्तात समोर आला तर तिथून उठून यावं, डबीत असो वा नसो.

कृष्णाकाठ, मिरज

सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे स्लॅबचे फोटो जुळवले. एनजीसीच्या पानावर फोटो आहे. त्यात 'एम्परर' शब्दाच्या पहिल्या अक्षराला लागून तपकिरी डाग आहे आणि मुकुटासमोर एक तिरकी रेघ. विक्रेत्याच्या फोटोत डाग नाही. रेघ आहे की नाही ते चमक पडल्यामुळे कळत नाही. विक्रेता म्हणतो प्रकाशाचा फरक आहे.

टांकसाळ, मुंबई

प्रकाशाने रेघ लपते, तपकिरी डाग लपत नाही. बंद डबीत डाग वाढू शकतो, नाहीसा होत नाही. त्यांच्याकडून दोन गोष्टी मागा: स्लॅब तिरका धरून, खिडकीच्या उजेडात काढलेला छोटा व्हिडिओ आणि स्लॅबशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो. व्हिडिओत डबीच्या कडेची जोडरेषाही दाखवायला सांगा. उघडून चिकटवलेल्या डबीच्या कडेला पांढुरके चरे दिसतात.

कृष्णाकाठ, मिरज

व्हिडिओ मागितला. "घ्यायचं तर घ्या, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे" असं उत्तर आलं. विषय संपवला.

पुढच्या आठवड्यात मुंबईला कामासाठी जाणार आहे, तेव्हा फ्लिपमधलं नाणं बघेन. काटा बरोबर नेतोय. घासलेलं आहे की नाही हे ओळखायला काय बघू?

सराफकट्टा, कोल्हापूर

एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवा. न घासलेल्या नाण्यावर झळाळीचा पट्टा चरख्याच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेल्यावर चमक एकाच जागी राहते आणि एका दिशेने गेलेल्या बारीक रेघांचा जाळा दिसतो. अक्षरांच्या कोपऱ्यांत बघा: बाहेर लख्ख आणि अक्षराच्या बुडाशी काळं असेल तर घासलंय. पिंजर किंवा हळदीचा अंशही तिथेच सापडतो. कडेवरच्या दातऱ्यांत घड्याळाच्या बाराच्या जागी विशेष बघा, कडी तिथेच जोडत.

विक्रेत्यासमोर तोलायला लाजू नका. चांगला विक्रेता स्वतःहून काटा पुढे करतो.

कृष्णाकाठ, मिरज

नाणं पाहिलं. वजन ११.६४, पाण्यात १.१३. कमळाखाली ठिपका आहे, म्हणजे मुंबईचं. पुढच्या बाजूला गालावर आणि झग्यावर बारीक रेघा आहेत, एकाच दिशेने. मागच्या बाजूची झळाळी छान फिरते. विक्रेत्याला रेघा दाखवल्या, त्यांनी मान्य केलं आणि 'यूएनसी' ऐवजी पुसलेल्या एयू (जवळजवळ न वापरलेल्या) नाण्याचा भाव लावला. बिल दिलं, बिलावर परवाना क्रमांक आहे. नाणं घेतलं.

स्लॅबमधलं निष्कलंक नाणं पुढे कधी फोटोसकट जुळलं तर तेही घेईन, तोवर क्रमात हे बसलं. पेठेतले दादा, पुण्यात आलो की तुम्हाला दाखवतो.

पेठेतला गडी, पुणे

नक्की या. अभिनंदन! आणि एक सांगा, विक्रेत्याने दिलेली फ्लिप मऊ, लवचिक आहे का? नवीन शॉवरच्या पडद्यासारखा वास येतो का?

कृष्णाकाठ, मिरज

मऊ आहे. वासही येतो थोडा.

पेठेतला गडी, पुणे

मग ती पीव्हीसीची आहे. आजच बदला. उन्हाळ्यात तिच्यातून तेलकट हिरवा थर सुटतो आणि चांदीला खातो. बाजारात मायलरच्या फ्लिपा मिळतात, त्या कडक आणि बिनवासाच्या असतात, किंवा गोल ॲक्रिलिक कॅप्सूल घ्या. रुपयाचा व्यास ३०.५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून ३१ ची कॅप्सूल मागा. आधीच चिकटपणा जाणवत असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि जवळ गॅस किंवा दिवा पेटता नसताना नाणं थोडा वेळ बुडवा आणि आपोआप वाळू द्या. नेलपॉलिश काढायचं द्रावण नको, त्यात सुगंध आणि तेल असतं. कापूसही लावू नका.

टांकसाळ, मुंबई

दुजोरा. आणि नव्या कॅप्सूलमध्ये ठेवण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून बिलाच्या प्रतीबरोबर ठेवा. वजन आणि पाण्यातला आकडाही तिथेच लिहा. उद्या नाणं दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं तर त्याला जुळवायला खुणा मिळतील.